क्लाउड गेमिंगचा लॅग आणि एज कम्प्युटिंग: मोजणीपासून स्वतःच्या एज सर्व्हरपर्यंत

क्लाउड गेमिंगमध्ये गेम तुमच्या यंत्रावर चालतच नाही. तो डेटा सेंटरमधल्या एखाद्या ग्राफिक्स कार्डावर चालतो. तुमच्याकडे येतो तो त्याचा व्हिडिओ, आणि तुमच्याकडून तिकडे जातात ती फक्त दाबलेली बटणं. सिनेमा पाहतानाही व्हिडिओच येतो, पण तिथे अ‍ॅप पुढच्या काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवतं, त्यामुळे नेटवर्क मध्येच अडखळलं तरी पाहणाऱ्याला कळत नाही. गेममध्ये असा साठा करता येत नाही, कारण पुढच्या फ्रेममध्ये काय दिसणार हे तुम्ही आत्ता कोणतं बटण दाबता यावर ठरतं. त्यामुळे वाटेतला प्रत्येक मिलिसेकंद थेट हाताला जाणवतो. या उशिरालाच लॅग म्हणतात.

एज कम्प्युटिंगचा विचार इथूनच सुरू होतो. गेम चालवणारा सर्व्हर दूरच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये न ठेवता खेळणाऱ्याच्या जवळ आणायचा: त्याच शहरातल्या छोट्या डेटा सेंटरमध्ये, इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या इमारतीत किंवा मोबाइल नेटवर्कच्या आतच. कल्पना सोपी आहे आणि ती खरंच काम करते. पण एज फक्त अंतरामुळे होणारा उशीर कमी करतं. उशीर दुसऱ्याच ठिकाणी होत असेल तर सर्व्हर शेजारच्या खोलीत आणून ठेवला तरी गेम तसाच जड वाटेल. म्हणून या लेखात आधी मिलिसेकंदांचा हिशोब आहे, मग घरातली दुरुस्ती, आणि त्यानंतर एज. हा क्रम मोडू नका. मी सुरुवातीला जवळच्या सर्व्हरच्या शोधात बरेच दिवस घालवले, आणि उशिराचा सर्वांत मोठा वाटा शेवटी समोरच्या टीव्हीत निघाला.

हिशोब: एक बटण दाबल्यावर काय काय घडतं

कंट्रोलरचं बटण दाबलं. यूएसबीवरचा कंट्रोलर सेकंदाला १२५ वेळा विचारला जात असेल, तर इथेच ८ मिलिसेकंदांपर्यंत वेळ जाऊ शकतो. १००० वेळा विचारला जात असेल तर जास्तीत जास्त १. मग ते बटण वायफायवरून राउटरकडे, तिथून इंटरनेट कंपनीच्या जाळ्यातून सर्व्हरकडे जातं. सर्व्हरवर गेम पुढच्या फ्रेमची वाट पाहतो. ६० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम असताना, एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, १२० ला ८.३ ची. फ्रेम तयार झाली की एन्कोडर तिचा व्हिडिओ करतो. ग्राफिक्स कार्डातल्या हार्डवेअर एन्कोडरला त्यासाठी साधारण काही मिलिसेकंद पुरतात. मग परतीचा प्रवास, तुमच्या यंत्रावरचं डीकोडिंग, आणि शेवटी पडदा.

या साखळीत अंतर येतं ते फक्त जाण्या-येण्यात. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. म्हणजे १०० किलोमीटर अंतरासाठी जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. सर्व्हर १५०० किलोमीटरवर असेल तर निव्वळ भौतिकशास्त्राचे १५ मिलिसेकंद कोणालाही टाळता येत नाहीत, आणि प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नसल्याने आकडा त्याहून मोठा येतो. तोच सर्व्हर ५० किलोमीटरवर आणला तर हा भाग अर्ध्या मिलिसेकंदावर येतो. शिवाय वाटेतले राउटर आणि जोडणीची ठिकाणं कमी होतात, आणि माझ्या मते एजचा हाच जास्त मोलाचा फायदा आहे. वाट लहान झाली की गर्दीत अडकण्याच्या जागाही कमी होतात, त्यामुळे उशीर कमी होतोच, पण तो स्थिरही राहतो.

स्थिरतेचं महत्त्व सहसा कमी लेखलं जातं. कायम ४५ मिलिसेकंद उशीर असेल तर हात त्याची सवय करून घेतात. उडी कधी मारायची याचा अंदाज आपोआप बसतो. पण उशीर कधी २० आणि कधी ७० असा हेलकावत असेल, तर सरासरी तेवढीच असूनही खेळणं अशक्य होतं. या हेलकाव्यांना जिटर म्हणतात. जिटर जास्त असला की स्ट्रीमिंग अ‍ॅपला आलेल्या फ्रेम थोड्या थांबवून ठेवाव्या लागतात, आणि ते थांबवणंही उशिरातच जमा होतं.

पहिली पायरी: तीन ठिकाणी पिंग मोजा

पिंग म्हणजे छोटा संदेश पाठवून त्याचं उत्तर यायला लागलेला वेळ. एका वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने करा. पहिल्यात तुमच्या यंत्रापासून घरातल्या राउटरपर्यंतचा पिंग, दुसऱ्यात इंटरनेट कंपनीच्या पहिल्या राउटरपर्यंतचा, तिसऱ्यात गेमिंग सेवेच्या सर्व्हरपर्यंतचा. कंपनीच्या पहिल्या राउटरचा पत्ता ट्रेसराउटमध्ये (वाटेतले राउटर ओळीने दाखवणारं साधन) तुमच्या राउटरनंतरच्या ओळीत दिसतो. प्रत्येक ठिकाणी किमान दोनशे पिंग पाठवा आणि सरासरीबरोबर सर्वांत वाईट आकडाही लिहा. हे सकाळी, दुपारी आणि रात्री गर्दीच्या वेळी असं निदान तीन दिवस करा. एकाच वेळेच्या मोजणीवर निर्णय घेऊ नका. दुपारी उत्तम चालणारी जोडणी रात्री नऊला पूर्ण वेगळी वागू शकते.

आता रकाने वाचा. राउटरपर्यंतचा पिंग केबलवर १ मिलिसेकंदाच्या आत आणि चांगल्या वायफायवर दोन-चार मिलिसेकंदांत असायला हवा. तिथेच मधूनमधून ५०-१०० च्या उड्या दिसत असतील तर दोष घरात आहे. पहिला रकाना स्वच्छ पण दुसरा बिघडलेला असेल तर दोष घर आणि कंपनी यांच्यामधल्या जोडणीत, म्हणजे ज्याला लास्ट माइल म्हणतात त्या टप्प्यात. पहिले दोन्ही चांगले आणि तिसरा मोठा असेल, तर तुमची अडचण अंतराची किंवा वाटेची आहे, आणि एज तिथेच उपयोगी पडतं.

ट्रेसराउट वाचताना एक चूक फार जण करतात. मधल्या एखाद्या राउटरसमोर ९० मिलिसेकंद दिसले की तोच अपराधी ठरवला जातो. पुष्कळ राउटर स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणं हे कमी महत्त्वाचं काम मानतात आणि सवडीने उत्तर देतात. तुमचा गेम मात्र त्यांच्यातून झटकन पुढे जात असतो. वाढलेला आकडा त्या राउटरपासून शेवटपर्यंत प्रत्येक ओळीत टिकून राहिला, तरच तो खरा धरा.

आणखी एक मोजणी: घरातून मोठी फाइल अपलोड करायला लावा आणि त्याच वेळी पिंग पाहा. २० चा आकडा २०० वर गेला तर तुमच्याकडे बफरब्लोट आहे, म्हणजे डेटाची रांग तुंबते आहे. त्यावरचा उपाय पुढे आहे, आणि तो एजपेक्षा किती तरी स्वस्त आहे.

पूर्ण साखळीचा उशीर पिंगमध्ये दिसत नाही. त्यासाठी फोनचा स्लो-मोशन कॅमेरा पुरेसा आहे. २४० एफपीएसवर चित्रण करा, चौकटीत बोट, बटण आणि पडदा तिन्ही दिसू द्या, आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची. पंधरा-वीस वेळा करा, मधला आणि सर्वांत वाईट असे दोन्ही आकडे लिहून ठेवा. जमलं तर तोच गेम घरच्या कॉम्प्युटरवर किंवा कन्सोलवर चालवून तशीच मोजणी करा. दोन आकड्यांमधला फरक हा क्लाउडचा खरा भार. गेमचा स्वतःचा उशीरही शून्य नसतो, हे ही तुलना केल्याशिवाय लक्षात येत नाही.

दुसरी पायरी: घरातले मिलिसेकंद परत मिळवा

टीव्हीपासून सुरुवात करा. चित्र सुंदर दिसावं म्हणून टीव्ही त्यावर बरीच प्रक्रिया करतो, आणि त्यात अनेक फ्रेमचा वेळ जाऊ शकतो. गेम मोड चालू केला की ही प्रक्रिया बंद होते. एचडीएमआय २.१ मध्ये आलेली ऑटो लो लेटन्सी मोड ही सोय टीव्ही आणि त्याला जोडलेलं यंत्र अशा दोन्ही बाजूंना असेल तर हे आपोआप होतं. पण टीव्हीतच बसवलेलं गेमिंग अ‍ॅप वापरत असाल तर सेटिंग स्वतः तपासा.

मग केबल. इथर्नेट केबल लावणं शक्य असेल तर पुढचा परिच्छेद वाचायचीही गरज नाही. वायफायमध्ये हवा सगळ्यांची मिळून असते. शेजाऱ्याचा राउटर बोलत असेल तर तुमचं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, थांबतं.

केबल शक्य नसेल तर २.४ गिगाहर्ट्झ सोडा आणि ५ किंवा ६ गिगाहर्ट्झवर या. राउटर आणि यंत्र यांच्यात शक्यतो भिंत नको. मेश वायफाय असेल तर मेशचे बिंदू एकमेकांशी केबलने जोडा, नाहीतर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं. ठरावीक अंतराने, म्हणजे दर काही सेकंदांनी एकदा गेम अडखळत असेल तर यंत्र पार्श्वभूमीत वायफाय शोधत असण्याची शक्यता मोठी. फोन आणि लॅपटॉप आसपासची नेटवर्क तपासण्यासाठी क्षणभर दुसऱ्या चॅनलवर जातात. ठिकाण ओळखण्याची सेवा आणि यंत्रांची आपापसातली फाइल देवाणघेवाण खेळताना बंद ठेवली की हा त्रास बऱ्याचदा जातो. अ‍ॅपलच्या यंत्रांवर एअरड्रॉपसाठीची व्यवस्था हेच करते.

आता बफरब्लोट. मॉडेम आणि राउटरमध्ये पॅकेटची रांग ठेवण्यासाठी मेमरी असते. ती फार मोठी असली की घरातल्या कोणी फोटोंचा बॅकअप सुरू केला की हजारो पॅकेट रांगेत उभी राहतात, आणि तुमचं इवलंसं बटण त्यांच्यामागे. बँडविड्थ वाढवून हे सुटत नाही, कारण मोठा अपलोड वाढलेली जागाही भरून टाकतो. उपाय रांग शहाणपणाने चालवण्याचा आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली: रांग किती लांब आहे याऐवजी पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं हे पाहायचं आणि तो वेळ वाढू लागला की पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला हळू होण्याचा इशारा द्यायचा. पुढे त्यात प्रत्येक संवादाला वेगळी रांग देण्याची कल्पना जोडली गेली आणि एफक्यू-कोडेल तयार झालं. केक ही त्याची आणखी पुढची पायरी.

प्रत्यक्षात करायचं एवढंच: राउटरमध्ये स्मार्ट क्यू मॅनेजमेंट किंवा एसक्यूएम नावाची सोय शोधा. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या राउटरमध्ये ती मिळते. अपलोडचा आणि डाउनलोडचा वेग गर्दीच्या वेळी मोजा आणि दोन्हींच्या ८५ ते ९५ टक्के मर्यादा घाला. मर्यादा मुद्दाम थोडी कमी ठेवायची, म्हणजे रांग मॉडेममध्ये न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि राउटर तुमच्या ताब्यात असतो. मग पुन्हा अपलोड लावून पिंग पाहा. बदल नुसत्या डोळ्यांनाही दिसतो.

यंत्रावरचं डीकोडिंगही एकदा तपासा. स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या आकडेवारीत डीकोडिंगचा वेळ दिसतो. तो दहा-बारा मिलिसेकंदांच्या वर असेल तर बहुधा हार्डवेअर डीकोडर वापरला जात नाही. एव्ही१ हे व्हिडिओचं नवं स्वरूप जुन्या एच.२६४ पेक्षा कमी डेटात चांगलं चित्र देतं हे खरं, पण यंत्रात त्यासाठी हार्डवेअर नसेल तर सगळा फायदा प्रोसेसर खाऊन टाकतो. तिथे जुनं एच.२६४ किंवा एचईव्हीसीच बरं.

तिसरी पायरी: योग्य एज गाठा

तुमचा तिसरा रकाना अजूनही मोठा असेल, तर आता एजची पाळी.

जिफोर्स नाउसारख्या सेवांमध्ये सर्व्हरचा विभाग स्वतः निवडता येतो. आपोआप निवड बहुतेक वेळा बरोबर असते, पण चुकते तेव्हा कारण ठरलेलं असतं. व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू असेल तर सेवेला तुम्ही व्हीपीएनच्या गावचे वाटता. दुसरं कारण डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा. काही सेवा तुमच्या डीएनएस सर्व्हरच्या ठिकाणावरून जवळचा सर्व्हर ठरवतात, आणि तुम्ही दूरचा डीएनएस वापरत असाल तर दूरच्या एजचं उत्तर मिळतं. व्हीपीएन बंद करून आणि इंटरनेट कंपनीचा डीएनएस लावून पुन्हा मोजा. फरक पडला तर कारण सापडलं.

नकाशावर जवळ आणि नेटवर्कवर जवळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एज सर्व्हर तुमच्याच शहरात असेल, पण तुमची इंटरनेट कंपनी आणि त्या सर्व्हरची कंपनी यांची जोडणी दुसऱ्या शहरात होत असेल, तर पॅकेट तिथे जाऊन परत येतं. ट्रेसराउटमध्ये हे ओळखता येतं: राउटरच्या नावांत अनेकदा शहराचं संक्षिप्त रूप असतं, आणि आकडा एका ओळीत अचानक दहा-वीस मिलिसेकंदांनी वाढून तिथेच टिकतो. हे दिसलं तर सेटिंगमध्ये करण्यासारखं काही उरत नाही. इंटरनेट कंपनीकडे ट्रेसराउट जोडून तक्रार करा आणि त्या सेवेशी स्थानिक इंटरनेट एक्स्चेंजवर (नेटवर्क कंपन्या जिथे एकमेकींना जोडल्या जातात ते ठिकाण) थेट जोडणी आहे का ते नेमकं विचारा. 'नेट स्लो आहे' या तक्रारीचं काही होत नाही. नेमका टप्पा दाखवला तर ती नेटवर्क विभागापर्यंत पोचण्याची शक्यता वाढते. कंपनी बदलायचीच असेल तर नव्या कंपनीची जोडणी असलेल्या कोणाच्या तरी घरून आधी त्याच सर्व्हरला पिंग करून पाहा.

एजच्या बाबतीत एक गैरसमज आहे. व्हिडिओसाठीचं सीडीएन (फाइलच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरचं जाळं) गल्लोगल्ली आहे, मग गेमिंगचं एज का नाही? सीडीएनमध्ये एकच फाइल साठवून हजारो लोकांना देता येते. गेममध्ये प्रत्येकाची प्रत्येक फ्रेम वेगळी, त्यामुळे प्रत्येक खेळणाऱ्यामागे ग्राफिक्स कार्डाचा एक वाटा त्या जागी हजर असावा लागतो. छोट्या एजवर अशी कार्डं मोजकी असतात आणि रात्री ती भरतात. म्हणून कधी कधी निवड करावी लागते: जवळचं पण भरलेलं एज, की थोडं लांबचं पण मोकळं केंद्र? माझा नियम असा: पिंगमधला फरक एका फ्रेमपेक्षा, म्हणजे ६० एफपीएसला १६ मिलिसेकंदांपेक्षा कमी असेल, तर ज्याचा जिटर कमी ते निवडायचं. जवळच्या एजचा हट्ट अशा वेळी महाग पडतो.

गुगलच्या स्टेडिया या क्लाउड गेमिंग सेवेने दुसऱ्या टोकाकडूनही एक टप्पा कापला होता. तिचा कंट्रोलर टीव्हीला किंवा फोनला न जोडता वायफायवरून थेट सर्व्हरशी बोलायचा. ती सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू होऊन जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, पण ही कल्पना आजही शिकण्यासारखी आहे. बटणाची वाट आणि व्हिडिओची वाट एकच असलीच पाहिजे असं नाही.

मोबाइलवर खेळत असाल तर

५जीची जाहिरात १ मिलिसेकंदावर असते. तो आकडा रेडिओच्या टप्प्याचं, आणि तेही खास अतिविश्वासार्ह प्रकारासाठीचं, ध्येय आहे. तुमच्या फोनपासून गेमच्या सर्व्हरपर्यंतच्या प्रवासाचा नाही. मोबाइल नेटवर्कमध्ये तुमचा डेटा टॉवरवरून थेट इंटरनेटवर जात नाही. तो आधी यूपीएफ नावाच्या फाटकापर्यंत जातो आणि तिथून बाहेर पडतो. हे फाटक दूरच्या शहरात असेल तर टॉवरच्या शेजारी ठेवलेल्या एज सर्व्हरपर्यंत जायलाही पॅकेटला त्या शहराची फेरी करावी लागते. म्हणून मोबाइल एजचं यश सर्व्हर कुठे आहे यापेक्षा फाटक कुठे आहे यावर ठरतं. युरोपातल्या एत्सी या मानक संस्थेने २०१४ पासून मोबाइल एजचं काम हाती घेतलं, त्यात स्थानिक फाटकाचा हा प्रश्न मध्यवर्ती राहिला आहे.

मोबाइलच्या मानकांत खेळासाठी वेगळी रांगही लिहून ठेवली आहे: ५जीच्या सेवावर्गांपैकी ३ क्रमांकाचा वर्ग रिअल-टाइम गेमिंगसाठी आहे आणि त्यात पॅकेटच्या उशिराची मर्यादा ५० मिलिसेकंद धरली आहे. तो वर्ग साध्या जोडणीला आपोआप मिळत नाही. मोबाइल कंपनीने आणि गेमिंग सेवेने मिळून तो लावावा लागतो.

तुमच्या हातात काय आहे? खेळताना एका जागी बसा. चालत्या गाडीत टॉवर बदलतात आणि प्रत्येक बदलात झटका बसतो. फोन तापू देऊ नका, कारण तापलेला फोन डीकोडिंगही मंद करतो. घरात असाल तर ५जीपेक्षा केबलला जोडलेलं वायफाय जवळजवळ नेहमीच स्थिर असतं.

भूस्थिर उपग्रहाचं इंटरनेट असेल तर मात्र थांबा. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि जाण्या-येण्यात हे अंतर चार वेळा कापावं लागतं. प्रकाशाला त्यासाठीच जवळपास ४८० मिलिसेकंद लागतात. जमिनीवरचं कोणतंही एज ते कमी करू शकत नाही.

चौथी पायरी: स्वतःचा एज सर्व्हर

तयार सेवेचं एज जवळ नसेल आणि थोडं तांत्रिक काम करायची तयारी असेल, तर हा रस्ता सर्वांत समाधानाचा आहे. सनशाइन हे मुक्त सॉफ्टवेअर गेम चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर बसतं आणि मूनलाइट तुमच्या यंत्रावर. मूनलाइट मुळात एनव्हिडियाच्या गेमस्ट्रीम सोयीसाठी लिहिलं गेलं होतं; ती सोय बंद होत असताना सनशाइनने तिची जागा भरून काढली. आता प्रश्न तो कॉम्प्युटर कुठे ठेवायचा.

सर्वांत जवळचं एज म्हणजे तुमच्याच घरातला कॉम्प्युटर, आणि हा पर्याय आधी करून पाहा. तो नसेल तर क्लाउड कंपन्यांचे शहरी विभाग पाहा. अ‍ॅमेझॉनचे लोकल झोन आणि मोबाइल नेटवर्कच्या आत बसवलेले वेव्हलेंग्थ झोन ही त्याची उदाहरणं. प्रत्येक विभागात ग्राफिक्स कार्ड मिळेलच असं नसतं, तेव्हा यादी तपासा.

ग्राफिक्सचा महाग सर्व्हर घाईने घेऊ नका. आधी त्याच विभागात सर्वांत लहान, स्वस्त सर्व्हर आठवडाभरासाठी घ्या आणि घरून त्याला पिंग करत राहा. आयपर्फ३ हे साधन दोन्हीकडे बसवून यूडीपी पद्धतीने (यात हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जात नाही) ३० एमबीपीएसचा प्रवाह सर्व्हरकडून घरी पाठवा. किती पॅकेट हरवली आणि जिटर किती हे ते सांगतं. गर्दीच्या वेळी हरवलेली पॅकेट अर्ध्या टक्क्याच्या वर जात असतील तर तो विभाग सोडा. दुसरा पाहा.

विभाग ठरला की ग्राफिक्सचा सर्व्हर घ्या, ड्रायव्हर बसवा, आणि त्याला पडदा जोडलेला नसल्याने आभासी डिस्प्ले तयार करा. त्याची रुंदी-उंची आणि रिफ्रेश रेट तुमच्या पडद्याशी जुळवा. सनशाइनचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नका. वायरगार्ड या व्हीपीएन साधनाने सुरक्षित टनेल बांधा. तो यूडीपीवर चालतो आणि त्याचा भार नगण्य असतो. टनेलमुळे पॅकेटसाठीची जागा थोडी कमी होते, सामान्यतः १४२० बाइटपर्यंत. ती मर्यादा दोन्ही टोकांना सारखी ठेवा, नाहीतर पॅकेट तुटून जातात आणि चित्र फाटल्यासारखं दिसतं.

गेम बसवण्याआधी एक खात्री करून घ्या: काही ऑनलाइन गेमची फसवणूकविरोधी यंत्रणा व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे क्लाउडवरच्या अशा आभासी कॉम्प्युटरवर, गेम चालूच देत नाही. आणि सेव्ह केलेला खेळ एजच्या डिस्कवर ठेवू नका. एज सर्व्हर बंद केला की तिथली तात्पुरती डिस्क पुसली जाऊ शकते. सेव्ह मध्यवर्ती साठ्यात जायला हवेत, आणि सर्व्हर बंद होण्याआधी ते गेले आहेत याची खात्री करणारी छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा. खेळून झालं की सर्व्हर बंद करणंही त्याच स्क्रिप्टमध्ये टाका, कारण ग्राफिक्सच्या सर्व्हरचं बिल तासावर चालतं.

एन्कोडर: इथे घाई करू नका

एज जवळ आणून कमावलेले मिलिसेकंद चुकीच्या एन्कोडिंगमध्ये सहज घालवता येतात. सिनेमासाठी उत्तम असलेल्या अनेक गोष्टी गेमसाठी घातक असतात. बी-फ्रेम म्हणजे पुढच्या फ्रेमवर अवलंबून असलेली फ्रेम. ती वापरली की पुढची फ्रेम येईपर्यंत थांबणं आलं. ती बंद हवी. लुकअहेड, म्हणजे पुढच्या फ्रेम आधी पाहून एन्कोड करणं, तेही बंद. बिटरेट (व्हिडिओसाठी सेकंदाला पाठवला जाणारा डेटा) स्थिर ठेवा आणि एन्कोडरचा बफर जेमतेम एका फ्रेमइतका, नाहीतर स्फोटाच्या दृश्यात एकच फ्रेम इतकी फुगते की ती पोचेपर्यंत पुढच्या तीन खोळंबतात. ठरावीक काळाने संपूर्ण चित्र नव्याने पाठवण्याची पद्धतही असेच झटके देते. त्याऐवजी चित्राची एक-एक पट्टी क्रमाने ताजी करणारी इंट्रा रिफ्रेश पद्धत किंवा गरज पडली तरच पूर्ण फ्रेम पाठवण्याची पद्धत चांगली. सनशाइन आणि मूनलाइट यातलं बरंचसं मुळातच योग्य ठेवतात. मुद्दाम बदलायला गेलात तरच बिघडतं.

बिटरेट ठरवताना लोक हात सैल सोडतात. गर्दीच्या वेळी मोजलेल्या स्थिर वेगाच्या ७० टक्क्यांच्या आत राहा. जिफोर्स नाउ १०८०पी आणि ६० एफपीएससाठी २५ एमबीपीएसचा वेग सांगते. स्वतःच्या सर्व्हरसाठीही सुरुवात तिथून करता येते. हरवलेली पॅकेट भरून काढण्यासाठी जादा माहिती पाठवण्याची सोय सनशाइनमध्ये आहे आणि ती मुळात २० टक्के असते, तेवढा भार बिटरेटवर धरून चला.

रेझोल्यूशन की फ्रेम रेट, यात माझं मत स्पष्ट आहे. ४के आणि ६० एफपीएसपेक्षा १०८०पी आणि १२० एफपीएस घ्या, पडद्याला ते झेपत असेल तर. फ्रेमचा काळ १६.७ वरून ८.३ वर आला की गेमची वाट पाहणं, एन्कोडरची वाट पाहणं आणि पडद्याची वाट पाहणं हे तिन्ही अर्ध्यावर येतात. एवढी बचत सर्व्हर हजार किलोमीटर जवळ आणूनही मिळेल याची खात्री नाही, आणि इथे ती एका सेटिंगमध्ये आहे. त्यासाठी सर्व्हरच्या ग्राफिक्स कार्डाला १२० एफपीएस सतत देता आले पाहिजेत. ७० ते १२० मध्ये झुलणारा गेम ९० वर बांधून टाका. गेममधलं व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या तालावर थांबवणारी सोय) बंद ठेवा आणि फ्रेमची मर्यादा गेमच्या आतूनच घाला. फिल्म ग्रेन तर बंदच करा: ती पडद्यावरची बारीक वाळू प्रत्येक फ्रेममध्ये बदलते आणि एन्कोडरचे बिट तिच्यावरच खर्च होतात. मोशन ब्लरही काढा.

ऑनलाइन सामने खेळणाऱ्यांनी हे लक्षात घ्या

सामना जिथे ठरतो तो मॅच सर्व्हर वेगळा असतो. गेम एजवर चालत असला तरी एजपासून मॅच सर्व्हरपर्यंतचा टप्पा उरतोच. गेमच्या आत दिसणारा पिंग हा फक्त त्या टप्प्याचा असतो. तुमच्या घरापासून एजपर्यंतचा त्यात धरलेला नसतो, त्यामुळे तो फसवा दिसतो. खरा आकडा दोन्हींची बेरीज. एज तुमच्या दारात आणि मॅच सर्व्हर दुसऱ्या टोकाला असेल, तर शत्रू कुठे आहे ही बातमी उशिराच येणार, फक्त तुमचा कॅमेरा झटपट वळेल. एकट्याने खेळायच्या गेममध्ये आणि फायटिंग गेमच्या सरावात एजचा फायदा पूर्ण मिळतो. स्पर्धात्मक सामन्यात मॅच सर्व्हरचा विभागही एजच्या जवळचाच निवडा.

बदल केल्यावर पुन्हा मोजणी

एका वेळी एकच बदल करा. प्रत्येक बदलानंतर कॅमेऱ्याची तीच मोजणी, त्याच गेममध्ये, त्याच जागी, त्याच हालचालीने, दिवसाच्या त्याच वेळी. उडी मारणं किंवा बंदूक झाडणं यापेक्षा मेनूमधली हालचाल बरी, कारण पात्राच्या हालचालीला गेमचं स्वतःचं अ‍ॅनिमेशन लागतं आणि मोजणी गढूळ होते. वहीत बदल, मधला आकडा आणि सर्वांत वाईट आकडा लिहा. मधला सुधारला पण वाईट आकडा तसाच राहिला तर जिटर शिल्लक आहे: पहिल्या रकान्याकडे परत जा. वाईट आकडा सुधारून मधला तसाच असेल तर अंतर, फ्रेम रेट किंवा पडदा यांपैकी काहीतरी उरलं आहे.

क्लाउडवरची आणि घरच्या यंत्रावरची मोजणी यांतला फरक दोन फ्रेमच्या आत आला की मी थांबतो. इंटरनेट कंपनीने वाट बदलली किंवा राउटरला नवं अपडेट आलं की आकडे पुन्हा सरकतात. म्हणून महिन्यातून एकदा, गर्दीच्या रात्री, तीन रकाने पुन्हा भरायचे.